खरखरीत बाजू बाहेर

डॉन निबाल्दो आले तेव्हा मी टेबलावर वाकलेली,
तोंडात पेन्सिल.
वाल्पाराइसोच्या धक्क्यावर उभा जन्म क्रेन चालवलेला माणूस,
आवाज अजून उंचावरून खाली सोडल्यासारखा.
"बाथरूमच्या दाराला काच हवी. लाकूड काढतोय."

कसली?
"काचेसारखी काच."

अशी कुठली नसते हो.

ही साधी. कडेनं पाहा, हिरवट,
विहिरीच्या तळासारखी.
स्वस्त आहे, पण फुटली की सुरे होतात तिचे.
ही टफन्ड. भट्टीत तापवून झटक्यात गार केलेली,
सगळा ताण पोटात, वरून गुळगुळीत.
बुक्क्या सोसेल. कोपऱ्याला दगड लागला
की खडीसाखर होऊन जमिनीवर.
आणि एकदा टफन केली की कापता येत नाही,
म्हणून माप आधी, दोनदा,
माझ्या टेपनं, तुमच्या नाही.
ही लॅमिनेटेड, दोन काचांमध्ये पापुद्रा.
तडकते, पण सोडत नाही.
मागच्या भूकंपात खालच्या बेकरीची खिडकी
जाळं होऊन उभी होती सकाळपर्यंत,
आतले पाव दिसत होते, जरा जास्तच.

ते ऐकत नव्हते.
खिशातून कागद काढला. रुंदी लिहिलेली,
उंची नव्हती.
"औरिस्तेला पडते हल्ली."

मी पेन्सिल तोंडातून काढली.

"आत जाते, कडी लावते. मी बाहेर.
पाण्याचा आवाज थांबला की मीही थांबतो.
हाक मारली तर चिडते.
ती दिसायला नको मला.
ती आहे,
एवढंच दिसू दे."

एकवीस वर्षं काच विकतेय,
या मापाची कुणी मागितली नव्हती.

रेघांची काच उभी धरली.
पलीकडं माझा भाचा येर्को, बारा फाकांत चिरलेला.
"नको," ते म्हणाले. "ती आधीच..."
वाक्य तिथंच ठेवलं त्यांनी, काउंटरवर.

मग दुधी.
येर्को, लांब जा.
गेला. समुद्रावरचं सकाळचं धुकं.
जवळ ये.
आधी खांदे आले, मग डोकं.
हात टेक.
पाच बोटं, नखांसकट,
गेल्या आठवड्यात कापलेल्या अंगठ्याची पट्टीसुद्धा.

डॉन निबाल्दोंनी अलीकडून बोट लावलं,
येर्कोच्या अंगठ्यावर.
"हीच."

थांबा, म्हटलं, आठ मिलिमीटर घ्या,
आधी टफन्ड, मग वाळूच्या माऱ्यानं दुधी.
दार बाहेर उघडू दे,
आत उघडणारं दार पडलेल्या माणसाला अडतं.
कडी काढा. तिला मी सांगीन.
आणि खरखरीत बाजू बाहेर, तुमच्याकडं.
ती ओली झाली की दुधीपण जातं,
सगळं आरपार दिसतं.
पाणी लागू देऊ नका बाहेरून.

"बाहेर पाणी कुठून येणार?"

मी पावतीपुस्तक शोधू लागले.

गुरुवारी बसवली.
टेकडीच्या एकशे चाळीस पायऱ्या,
येर्को पुढं, मी मागं, काच मध्ये उभी,
वाटेतल्या मांजरांना आभाळ चालत जाताना दिसलं असेल.
औरिस्तेलाबाई काठी टेकत आल्या, पाहिलं,
"हा काय मासळीवरचा बर्फ?"
म्हणाल्या, आत गेल्या, दार ओढलं.

नळ.
मग नळ नाही.
माझ्या हातात सिलिकॉनची बंदूक,
ते तोंडावर मूठ धरून.
धुकं, नुसतं धुकं.
मग त्यात काहीतरी गडद,
जवळ, आणखी जवळ,

आणि काचेवर एक नाक.
चपटं, पांढरं, उकडलेल्या बटाट्याएवढं.
खाली जीभ.

चोवीस तास दार हलवू नका, मी म्हणत होते,
सिलिकॉन ओलं आहे.
कुणी ऐकलं नाही.